अनफॉर्च्युनेटली, पाऊस आला

आमच्या मोठेबाबांना इंग्रजीतला एकच शब्द पक्का येतो: मॉइश्चर. स्पेलिंग विचारू नये. अर्थ मात्र झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. "मॉइश्चर म्हंजे काय? घरून निंगतानी बारा असते, बाजारात गेल्यावर सतरा होते, ते मॉइश्चर."

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. सोयाबीन हे आमचं पीक, आमचं चलन आणि लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसांनी बोलायचा विषय. दिवाळीच्या तोंडावर पोती घेऊन गेलं की समोरचा माणूस मूठभर दाणे काढतो, डब्यासारख्या यंत्रात ओततो, झाकण पिळतो आणि काचेत आकडा उमटतो. त्या आकड्याकडे मोठेबाबा ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं मी माझ्या दहावीच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं. हमीभावाच्या सरकारी खरेदीला बारा टक्के ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात केंद्रानं पंधरा टक्क्यांपर्यंत चालवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मोठेबाबांनी पारावर ती बातमी अशी सांगितली की जणू शब्दाचा अर्थच बदलून आला होता.

मी एकदा मुद्दाम डिक्शनरीत हा शब्द काढला. हवेतले किंवा एखाद्या वस्तूवरचे पाण्याचे बारीक कण, असा काहीसा अर्थ होता, आणि खाली नमुन्याच्या वाक्यात एक बाई तोंडाला क्रीम लावत होती. मोठेबाबांना वाचून दाखवलं. ते जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "अन् तिच्या तोंडाचं मॉइश्चर वाढलं तं तिचे कोन क्विंटलमागं पैसे कापते?"

त्याच खरेदी केंद्रावर आणखी तीन अक्षरं भेटतात: एफएक्यू. शहरातल्या शिकलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न. आमच्याकडे एफएक्यू म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी, सरकार हमीभावानं घेईल इतपत बरा माल. माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. पीकविम्याची काहीतरी शंका होती, तर तो फोनवर म्हणाला, "आजोबा, त्यांच्या साइटवर एफएक्यू असेल, तो बघून घ्या." मोठेबाबा म्हणाले, "पाह्यला. नापास झाला."

मी पाचवीत गेलो तो १९८४ चा जून. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं आणि आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला आणि पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. दोन्ही वेळा मी आधीच मोठा होऊन बसलो होतो.

सर फळ्यावर तीन रकाने आखायचे: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. मग सगळ्या वर्गानं एका सुरात, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. सूर पाढ्यांचाच, त्यामुळे बारा ते तीसचे पाढे आणि इंग्रजी हे एकाच खात्याचे विषय आहेत असा माझा बरेच दिवस समज होता. माझ्या बाकावरचा मित्र मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा, मामाकडे राहून शिकणारा. घरी गोरमाटी, शाळेत मराठी. आम्हाला एक उडी मारावी लागायची, त्याला दोन. मदर म्हणजे आई, हे सरांनी सांगितलं. आई म्हणजे याडी, हे त्याचं त्यानं मनातल्या मनात उरकायचं. एकदा मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "तुमचा शब्दार्थ एसटीसारखा हाये. मले फाट्यावर उतरून देते. तिथून पुढं तांड्यापर्यंत पायीच." आज आमच्या अख्ख्या बॅचमध्ये त्याचं इंग्रजी चांगलं आहे. चालायची सवय.

शाळेच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी होती. कुणीतरी मोठ्या मनानं दिलेली. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा वावरात. आठवीत असताना एकदा किल्ली, मामा आणि मी असे तिघं एका जागी सापडलो आणि मी 'हेझिटेट' हा शब्द काढला. तिथं लिहिलं होतं, 'रिलक्टंट' असणे. रिलक्टंट काढला. तिथं 'अनविलिंग'. अनविलिंग काढला, तर तो परत 'रिलक्टंट'च्या दारात नेऊन उभा करी. तेलाच्या घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो. मी दोन तासिका फिरलो आणि जिथून निघालो तिथंच, अर्थात हेझिटेट करत, उभा होतो.

ही खोड एकट्या इंग्रजीची नाही. मराठी कोश काढा: संकोच म्हणजे भीड, भीड म्हणजे संकोच. फरक इतकाच की मराठीतली भीड आपल्याला आधीच ठाऊक असते, कारण मामाच्या घरी तिसरी पोळी नको म्हणताना ती आपण खाल्लेली असते.

ह्या फेऱ्यातून सुटायची वाट ज्यांनी शोधली, ते मात्र ऑक्सफर्डच्या गल्लीत बसून शोधत नव्हते. मायकल वेस्ट नावाचे साहेब ढाक्याला शिक्षण खात्यात होते. बंगाली पोरांची हीच फरपट त्यांनी पाहिली आणि १९३५ साली असा कोश काढला की त्यातल्या चोवीस हजार नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते. म्हणजे १,४९० शब्द शिका, पुढचे सगळे त्यांच्या ओळखीनं भेटतील. १९७८ साली लाँगमननं हाच हिशेब दोन हजार शब्दांवर बसवला. हॉर्नबीसाहेब तर जपानात इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश पहिल्यांदा छापला गेला तो १९४२ साली, जपानमध्येच, आणि तेव्हा इंग्रज आणि जपानी एकमेकांवर बॉम्ब टाकत होते. १९४८ साली तो ऑक्सफर्डनं काढला आणि पुढं तोच जगभरच्या, आणि आमच्याही, लोखंडी कपाटांत जाऊन बसला. मोठेबाबांचं सगळं आयुष्य मी अंदाजानं मोजलं, तर चारशे शब्दांत निभावतं, आणि त्यातले साठ बैलांशी बोलायचे.

व्याख्या करणाऱ्यालाही पोट, शेजारी आणि शेजाऱ्याचा राग असतो, हे मला डॉक्टर जॉन्सनमुळे कळलं. १७५५ च्या त्यांच्या कोशात ओट्सचा अर्थ सांगताना त्यांनी लिहून टाकलं की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं खातात. अडीचशे वर्षांनी तेच ओट्स आमच्या किराणा दुकानात पाकिटातून आले. मोठेबाबांना साखर निघाली, आणि डॉक्टरांनी सकाळी ओट्स खायला सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "ओट्स म्हंजे काय रे बावा?" मला गप्प बसता आलं असतं. मी जॉन्सनसाहेबांचा अर्थ सांगितला. तेव्हापासून पाकीट फडताळात आहे आणि मोठेबाबा ज्वारीच्या भाकरीवर. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, "घरी घोडा आनला की चालू करतो."

पण व्याख्येपेक्षा माझा जीव अडकायचा तो खालच्या तिरक्या अक्षरातल्या वाक्यात. नमुन्याचं वाक्य. त्या वाक्यांमधून एक आख्खं गाव उभं राहायचं. तिथं एक व्हिकार होता आणि त्याला बगिचा होता. व्हिकार म्हणजे इंग्रजी देवळाचा पुजारी, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. तोवर मी त्याला माळी समजत होतो. तिथं मिस्टर ब्राउन होते, त्यांची गाडी नेहमी चुकायची. मेरीनं पत्र पोस्टात टाकलेलं नसायचं. कुणाची तरी छत्री कुठंतरी राहिलेली असायची. ऊन पडलं की ती माणसं एकमेकांना सांगत सुटायची की काय सुंदर दिवस आहे, सूर्य तळपतो आहे. आमच्याकडे मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीला सूर्य तळपतो आहे असं कौतुकानं म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आधी ओला पंचा टाकतात आणि मग कांदा शोधतात.

आणि पाऊस! त्या गावातल्या पावसानं कुणाचं कधी भलं केलं नाही. पाऊस आला की सहल रद्द, पाऊस आला की मॅच रद्द, पाऊस आला की मिस्टर ब्राउनना पडसं. इतक्या वाक्यांत एकदाही कुणी म्हणालं नाही की पाऊस आला आणि पेरणी साधली.

आठवीतली चाचणी होती, जुलैची. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता आणि आर्द्रा हुलकावणी देत होत्या. ज्यांनी धूळपेरणी केली होती त्यांचं बियाणं मातीत भाजत होतं. दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा यावर प्रत्येक घरात रात्री जेवताना कुजबुज चालायची आणि पोरं झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायची. अशात पेपरमध्ये प्रश्न आला. गाळलेली जागा, पुढं 'इट रेन्ड ऑन संडे', आणि कंसात दोन पर्याय: फॉर्च्युनेटली, अनफॉर्च्युनेटली. योग्य तो निवडा.

वर्गात आम्ही बेचाळीस. एक्केचाळीस जणांनी लिहिलं, फॉर्च्युनेटली. कॉपी नव्हती, मी शपथेवर सांगतो. 'अनफॉर्च्युनेटली' लिहिणारा एकच होता, कुंभाराचा मुलगा. जुलैत त्याच्या घरी पोळ्याचे मातीचे बैल वाळत पडलेले असतात.

पेपर तपासायला सरांनी उत्तरांचा छापील कागद काढला. त्यावर होतं, अनफॉर्च्युनेटली. म्हणजे वर्ग नापास, कुंभार पास. सर कागदाकडे पाहत राहिले. खिडकीतून बाहेर पाहिलं, आभाळ कोरडं ठक्क. त्यांचंही पाच एकर होतं. मग म्हणाले, "ह्या वाक्यातल्या मानसाले वावर नाई. बस, तेवढंच." थोड्या वेळानं त्यांना आणखी चेव आला. "पेपर काढनाऱ्यानं महिना नाई देल्ला. गाव नाई देल्लं. पीक कोनतं ते नाई देल्लं. नुसता रविवार देल्ला. रविवार घेऊन काय करता? मृगात आला तं फॉर्च्युनेटली. दिवाळीच्या आंधी आला, ज्वारी काळी पडली, पऱ्हाटीची बोंडं भिजली, तं अनफॉर्च्युनेटली. पानी तेच, रविवारही तोच." त्यांनी बेचाळीसही जणांना एकेक मार्क दिला. मी त्यानंतर बऱ्याच परीक्षा दिल्या. इतका न्याय्य निकाल पुन्हा पाहिला नाही.

त्या दिवसापासून सरांनी व्हिकारला रजा दिली आणि वाक्यं स्वतः पाडायला घेतली. 'ऑन' आणि 'अबोव्ह' यातला फरक आमच्या डोक्यात शिरत नव्हता. पुस्तकात टेबल, टेबलावर पुस्तक, वर पंखा असं चित्र होतं. आमच्या वर्गात टेबल होतं, पंखा नव्हता. सर म्हणाले, "शिरपूरले गेले का कोनी?" मालेगाव तालुक्यातलं शिरपूर, तिथं अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा, नावातच अंतरिक्ष. सर म्हणाले, "आपन सारे बसतो ऑन द फ्लोअर. देव बसला अबोव्ह द फ्लोअर. मधातून कपडा सरकला तं अबोव्ह, नाई सरकला तं ऑन." चाळीस वर्षं झाली. आजही 'अबोव्ह' लिहिताना माझ्या मनात आधी कपडा सरकतो.

चालू वर्तमानकाळासाठी त्यांनी शकुंतला आणली. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चालायची. डिझेल लागलं ते १९९४ ला. सरांचं वाक्य होतं, 'द शकुंतला इज कमिंग.' कारंज्याकडचा एक मुलगा होता, तो म्हणाला, "सर, ते तं दुपारपासून कमिंग हाये." सर म्हणाले, "म्हनून तं कंटिन्यूअस." 'बिटवीन'साठी मालेगाव: अकोला आणि वाशिम यांच्या बिटवीन. मात्र ह्या मालेगावला पुढं खुलासा जोडावा लागतो, नाशिककडचं ते नव्हे. गावाची ओळखच 'जे ते नाही ते' अशी करून द्यायची वेळ यावी, हे मला कोशकारांचं जुनं दुखणं वाटतं. गाढव म्हणजे काय? घोडा नव्हे असा प्राणी.

माझ्या आजोबांच्या पिढीला असला सर मिळाला नव्हता. त्यांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मिळाली होती. कापडी पुठ्ठ्याचे ते भाग अजून माळ्यावर आहेत. आजोबा मराठी वाक्यावर बोट ठेवून इंग्रजी वाक्य म्हणायचे, आणि ही वाक्यं एकमेकांना ओळखतच नसत. एकात भाऊ आजारी, पुढच्यात राजा दयाळू. आजोबा पोस्टात मनिऑर्डरचा फॉर्म भरण्यापुरतं इंग्रजी शिकले आणि तेवढ्यावर गावचे साहेब झाले.

गंमत म्हणजे साहेबही हाच मार खाऊन मराठी शिकला. मोल्सवर्थनं कँडी बंधूंना आणि पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ ला. सुधारून पुन्हा काढला १८५७ ला. शब्द, अर्थ, आणि तो बोलतात कसा याचे मासले. त्या कोशात मी आमचे शब्द शोधायला जातो आणि निम्म्या वेळा हात हलवत परत येतो. साहेबाला तरी दोष कसा द्यावा? १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होतं. पहिला कोश झाला तेव्हा आमच्या पारावर बसून 'काऊन' म्हणजे काय हे विचारायचं त्याला कारणच नव्हतं. पुढं इंग्रज आला तो वाशिमला 'बासिम' म्हणत आला. त्या नावाचा जिल्हाही केला आणि १९०५ साली मोडला. स्पेलिंग चुकल्याबद्दल जिल्हा काढून घेतला, असं सर सांगायचे. कारण अर्थातच वेगळं होतं, पण माझ्या लक्षात राहिलं ते सरांचं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी पुतणी. ती वाशिमला अभ्यासिकेत बसते. महिन्याला ठरलेले पैसे, लाकडी कप्पा, वायफाय, डोक्यावर पंखा, भिंतीवर 'शांतता राखा' आणि त्याखाली वीस-बावीस पोरंपोरी ओठ हलवत. तलाठी भरतीची तयारी चालली आहे. २०२३ च्या भरतीला शंभर प्रश्नांतले पंचवीस इंग्रजीचे होते, आणि अर्ज दहा लाखांवर गेले होते. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, पंचनामा मराठीत, भांडण तर वऱ्हाडीतच. पण ते मिटवायला जाणाऱ्या माणसाला 'इफेमरल'चा समानार्थी शब्द आला पाहिजे, असं सरकारला वाटतं. वाटो. पोरीनं वाद घातला नाही, कार्डं केली.

जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. एका बाजूला कुणाचे तरी वधूवर, दुसऱ्या बाजूला शब्द, अर्थ आणि वाक्य. शब्द आणि अर्थ पुस्तकातला. वाक्य तिचं स्वतःचं, हा तिचा नेम. सरांना तिनं पाहिलेलंही नाही. मी कार्डं चाळली.

'युबिक्विटस. रोही आर युबिक्विटस.' रोही म्हणजे नीलगाय, आणि आमच्या हरभऱ्यावर रात्री टॉर्च मारला की सर्वत्र असण्याचा अर्थ शंभर डोळे चमकवून समजावते.

'इनएव्हिटेबल. लोडशेडिंग इज इनएव्हिटेबल.'

'रिलक्टंट.' माझा जुना वैरी. त्याखाली होतं, 'द तलाठी वॉज रिलक्टंट टू गिव्ह द सातबारा.'

"हे वाक्य मुलाखतीत म्हणू नको," मी म्हणालो.

"मुलाखत नाई काका, नुसता पेपर असते. अन् म्या तलाठी झाल्यावर हे कार्ड फाडून टाकीन."

दोन तासिका फिरून मला जो शब्द सापडला नव्हता, तो एका ओळीत समोर उभा होता, बगलेत दप्तर मारून.

तिला मी सर्वसेनाची गोष्ट सांगितली. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातल्या इथल्या सर्वसेन राजानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य रचलं. ते काव्य आज हाती नाही. पण पुढच्या अलंकारशास्त्र्यांना आपल्या व्याख्यांखाली घालायला दाखले लागायचे. आनंदवर्धनानं त्याचं नाव घेतलं, भोजानं त्यातली पद्यं उतरवून घेतली, म्हणून असं काही काव्य होतं इतकं तरी आपल्याला कळतं. पोथी गेली, व्याख्येखाली उदाहरण म्हणून घातलेले तुकडे तेवढे उरले.

पुतणी कार्डं जुळवत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे आपला राजा बी शेवटी एक्झाम्पल सेंटेन्सच झाला का?"

मग आम्ही उलटा खेळ सुरू केला: वऱ्हाडी शब्दाची कोशातल्यासारखी व्याख्या करायची. तिनं 'कुटाणा' घेतला. 'कुटाणा, नाम: जे काम करू नको असं घरातल्या सगळ्यांनी सांगितलेलं असतं, जे तरी आपण करतो, आणि जे निस्तरायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं.' मला वाटतं मोल्सवर्थनं ही जशीच्या तशी घेतली असती. माझ्याकडे 'बह्याड' आला. वेडा, खुळा, मूर्ख असं लिहून मी खोडलं. आई म्हणाली, "बह्याड हायस काय रे," तर पाठीवर हात फिरतो. हाच शब्द बायकोचा भाऊ म्हणाला, तर पाहुणचार तिथंच थांबतो. मी लिहिलं, 'अर्थ बोलणाऱ्याच्या नात्यावर अवलंबून.' पुतणीनं मार्क दिला नाही. म्हणाली, वाक्य पाहिजे. वाक्य तयार करायला मी दोन माणसं मनात आणली आणि मलाच हसू यायला लागलं; अभ्यासिकेतली वीस डोकी वळली आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. ऑक्टोबर. गावात आमच्या सोयाबीनची सोंगणी होऊन गंजी लागलेली होती आणि मळणी यंत्राचा नंबर तिसऱ्या दिवशीचा. चहाच्या टपरीपर्यंत पोचेस्तोवर पावसानं गाठलं. आमच्याकडे पऱ्हाटी मागं पडून सोयाबीन आलं, पण सरांचं 'अनफॉर्च्युनेटली'चं वाक्य तसूभर बदललं नाही.

रात्रभर पडला. सकाळी सातलाच मोठेबाबांचा फोन. ताडपत्री उडाली, गंजीखालून पाणी गेलं, खालच्या शेंगांना कोंब यायची वाट पाहायची फक्त. आवाज शांत होता, म्हणजे नुकसान मोठं होतं. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती: "मंडळात किती मोजला म्हन्ते? पोरीले विचार, तिले हे येते."

पुतणीला हे येतं. अतिवृष्टीची व्याख्या तिच्या अभ्यासक्रमात नाही, पण वाशिम जिल्ह्यात ती इंग्रजीच्या आधी पाठ होते: महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर. आणि मदतीसाठी पिकाचं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावाला. तिथून आमचं वावर नऊ किलोमीटर. तिनं फोनवर आकडे पाहिले.

"बासष्ट पॉइंट काहीतरी," ती म्हणाली.

मी मोठेबाबांना सांगितलं. पलीकडे पावसाचा आवाज येत होता, आणि कुणीतरी टिनावरून पाणी बादलीत धरत होतं.

"म्हंजे झाला नाई," मोठेबाबा म्हणाले.

"नाही म्हणायचा."

"बरं." जरा वेळ ते बोलले नाहीत. "मंग आता जो झाला नाई तो वावरात गुडघ्याएवढा साचला हाये. तुह्याकडं गमबूट असन तं घेऊन ये."

पुतणीनं नवीन पत्रिका कापायला घेतली होती. मी विचारलं, कोणता शब्द? तिनं कार्ड माझ्यापुढं सरकवलं. वर 'इलिजिबल' लिहून झालं होतं, खाली अर्थ लिहून झाला होता. वाक्याची जागा रिकामी होती, आणि ती पेन चावत गमबूट शोधणाऱ्या माझ्याकडे बघत होती.